हजेरीतला २७ नंबर

हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं सोडलं की दौंडपर्यंत डबा पुण्याचाच असतो. भिगवण मागं पडतं, गाडी भीमेच्या पुलावरून जाते, बाहेर काही दिसेनासं होतं आणि मग डब्यातली भाषा हळूहळू सैल व्हायला लागते. या जानेवारीत कुर्डुवाडी यायच्या जरा आधी शेजारचा पोरगा फोनवर कुणाला तरी म्हणाला, "काय बे, जेवलालास का? येतोच बग." त्या एका 'बे'नं माझ्या पोटात काहीतरी हललं. पुण्यात मला २१ वर्षं झाली. नवरा नाशिकचा, मुलं पुण्यातच जन्मलेली. आमच्या घरात हा शब्द कधी उमटत नाही.

आमच्या दहावीला यंदा तीस वर्षं होतायत, म्हणून वर्गानं जमायचं ठरवलं होतं. तारीख मुद्दाम गड्ड्यातली धरली. सोलापूरच्या माणसाला गावी यायचं असलं तर सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, यावं. दिवाळी काय, कुठंही होते. नंदीध्वजांच्या सात काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावरच्या अक्षता आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा पुकारा. यातलं काही दूर राहून भागवता येत नाही. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत होम मैदानावर पाळणे फिरत असतात. आम्ही त्यातला एक रविवार निवडला.

पण मला त्या रविवारबद्दल सांगायचंय ते फार थोडं आहे. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत जे झालं, ते जास्त आहे.

या लेखात मी कुणाचं नाव लिहिणार नाही, हजेरीचे नंबर लिहीन. आम्ही एकमेकांना तसंही नंबरानंच जास्त ओळखायचो. आमच्या शाळेत आधी मुलींचे नंबर, मग मुलांचे, दोन्हीकडं आडनावाच्या क्रमानं. आणि बाकावर बसायचं तेही त्याच क्रमानं. पूर्व भागाला लागून असलेली मराठी माध्यमाची शाळा होती. वर्गात निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलत, पाच-सहा जणांच्या घरी कानडी, चौघांच्या घरी दखनी, आणि उरलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी मराठी. शाळेच्या फाटकातून आत आलं की सगळ्यांची मिळून एक सोलापुरी व्हायची.

इतिहासाचे सर आमचे वर्गशिक्षकही होते. १२ जानेवारीला हजेरी घेण्याआधी ते चार नावं म्हणायचे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी झाली. त्याच्या आदल्या मे महिन्यात, ९, १० आणि ११ तारखेला, सोलापुरात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. मग मार्शल लॉ आला. सर म्हणायचे, "ही चार आडनावं आपल्या वर्गाच्या हजेरीत टाकली तर कुणाला वेगळी वाटतील का?" आणि लगेच एक नंबरापासून सुरुवात करायचे. मला त्या वयात ते फारसं कळलं नव्हतं. आज ज्या गाडीनं मी माहेरी येते तिचं नाव त्याच चौघांवरून आहे, आणि दर वेळी तिकिटावर ते नाव दिसलं की मला सरांचा आवाज ऐकू येतो.

ग्रुप लॉकडाऊनमध्ये झाला. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो कुणाच्या तरी कपाटातून निघाला, त्यावर बोट ठेवत ठेवत एकेकाचा नंबर शोधला गेला आणि ५१ जण जमले. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, दोघं आखातात, एक जण कॅनडात. सुरुवातीला फुलांचे फोटो आणि सुप्रभात. मग एका रात्री ३३ नंबरनं विचारलं, "भोंगा आठवतो का कुणाला?"

त्या रात्री दोन वाजेपर्यंत कुणी झोपलं नाही.

भोंगा म्हणजे गिरणीचा. सोलापुरात १८७७ पासून कापडाच्या गिरण्या. सगळ्यात पहिली ती जुनी गिरणी, ती १९६३ मध्येच बंद पडली, म्हणजे आमच्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी पत्ता सांगताना सगळे "जुन्या मिलजवळ" असंच सांगत. आमच्या कानावर आला तो मागं उरलेल्या गिरण्यांचा भोंगा. त्यावर गावाचा दिवस चालायचा. माझी आजी पहिल्या भोंग्याला अंगणात सडा टाकायची. आई दुसऱ्या भोंग्याला दुधाखालचा गॅस बंद करायची. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची ती भोंगा ऐकून. संध्याकाळी खेळताना भोंगा झाला की डाव तिथंच मोडायचा, मग कुणावरही राज्य असो.

ग्रुपवर असंच सगळं येत राहिलं. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयाचा रथ. कन्ना चौकातली गर्दी. कंबर तलावावरची कमळं. कडक भाकरी डब्यात मोडताना होणारा आवाज, आणि तो सरांना ऐकू जाऊ नये म्हणून आधी पाणी शिंपडून ठेवायची युक्ती. शेंगाचटणीचा तेलकट डाग, जो मराठीच्या वहीवर हमखास असायचाच. मे महिन्यात गच्चीवर पाणी ओतून, वर ओली चादर टाकून झोपणं. चादर अर्थातच गावचीच, जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली.

"काय दिवस होते ते!" असं पंधरा-वीस जणांनी लिहिलं. मीही लिहिलं.

मग पहाटे कधीतरी ३३ नंबरनं अजून एक ओळ टाकली होती. ती मी सकाळी उठल्यावर वाचली. "भोंगा बंद झाला त्या दिवशी आमच्या घरात कुणी अंथरुणातून उठलंच नाही. अण्णा जागे होते, पण उठले नाहीत."

त्याचे वडील गिरणीच्या माग खात्यात होते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. आठवीपासून तो आमच्या वर्गात, तीन वर्षं रोज बघितलेला मुलगा, आणि त्याच्या घरात काय चाललं होतं याचा मला पत्ता नव्हता. माझे वडील टपाल खात्यात. आमच्या घरी एक तारखेला पगार यायचा, आणि तो न येण्याची कल्पनाही आम्हाला कधी करावी लागली नाही. भोंगा माझ्यासाठी घड्याळ होतं. त्याच्यासाठी तो भाकरीचा होता.

त्या ओळीला दिवसभरात कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं आली.

जमायचं ठरलं तेव्हा यादी करायला घेतली. यादी कशावरून, तर त्याच फोटोवरून. तेव्हा १९ नंबरनं लिहिलं, "ती तेलुगू मुलगी, नेहमी पहिल्या तीन नंबरात असायची, गणितात पैकीच्या पैकी पडायचे, ती कुठंय? तिला कोण घेणार ग्रुपवर?" लगेच कुणीतरी म्हणालं, "ती दहावीला नव्हती ना. मग आपल्या बॅचची कशी?" दोघातिघांनी अंगठा दाखवला. हॉल, जेवण, एका रंगाच्या साड्या, सगळं डोक्यांवर मोजायचं होतं. त्यामुळं त्यात दुष्टपणा काही नव्हता. बॅच म्हणजे परीक्षेला बसलेले, असा सरळ हिशेब.

ती २७ नंबर होती. मी २८. शेजारीशेजारी नंबर, म्हणून पाचवीपासून नववीपर्यंत आम्ही एका बाकावर. आणि मी ग्रुपवर गप्प बसले.

गप्प का बसले ते सांगते. नववीत, सहामाहीच्या आधी, ती शाळेत यायची थांबली. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग आलीच नाही. सर रोज "सत्तावीस" म्हणायचे आणि थांबायचे, आणि मी शेजारून सांगायचे, "आली नाही सर." किती दिवस सांगितलं आठवत नाही. पुढं सर २६ वरून सरळ २८ वर यायला लागले. तिचं घर आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. उद्या येईल, परवा येईल, असं म्हणत राहिले, आणि मग न जाण्याचीच लाज वाटायला लागली म्हणून गेले नाही. दहावीच्या जूनमध्ये नवा कॅटलॉग, म्हणजे हजेरीची वही, आला. वर्गातली पाच जणं गळाली होती, नंबर वर सरकले होते. सरांनी "सत्तावीस" म्हटलं आणि माझं नाव घेतलं. मी "हजर" म्हटलं. माझ्या दहावीच्या सगळ्या वह्यांवर, प्रयोगवहीवर, प्रगतिपुस्तकावर २७ आहे.

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

तिचा पत्ता मिळाला तो ४४ नंबरकडून. तो रिक्षा चालवतो. दहावीत एकदा नापास झाला, पुन्हा बसला नाही. ग्रुपवर तो फारसं लिहीत नाही, पण गावात मागं राहिलेल्यांनाच सगळ्यांची घरं माहीत असतात. कोण कुठल्या पेठेतून कुठं राहायला गेलं, कुणाची आई गेली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे पुण्या-हैदराबादच्यांना नंतर कळतं. त्याला आधीच ठाऊक असतं. मी त्याला वेगळा फोन केला. पहिलं वाक्य "तुम्ही" म्हणून सुरू झालं. शाळेत आम्ही मुलामुली बोलायचोच नाही, त्यामुळं 'तू' कधी झालंच नव्हतं; आता पंचेचाळिशीत एकदम 'तू' तरी कसं म्हणणार? तोही "मॅडम" म्हणाला. दोन-तीन वाक्यांनंतर तोच म्हणाला, "अठ्ठावीस नंबर ना तू? मग बोल की सरळ."

"कुंभारीला असती ती," तो म्हणाला. "गोदूताईत. ये कधी, मी सोडतो."

डिसेंबरात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मी दोन दिवस गावी गेले, तेव्हा त्यानं सोडलं. गोदूताई परुळेकर वसाहत बिडी कामगार बायकांची. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली १०,००० घरं. २००६ मध्ये बायकांच्या हातात किल्ल्या आल्या. आकडा वाचणं वेगळं आणि त्या गल्ल्यांतून रिक्षानं जाणं वेगळं. एकसारखी बुटकी घरं, रांगेमागून रांग. त्या घरांना आता वेगवेगळे रंग लागलेत, कुणी वर मजला चढवलाय, कुणाच्या दारात कढीलिंबाचं झाड छपरापर्यंत गेलंय. आणि जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यावर एक बाई, मांडीवर सूप.

तीही तशीच बसली होती. मी समोर उभी राहिले. तिनं वर बघितलं, हात थांबले नाहीत.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

मी ४४ नंबरकडं बघितलं. त्यानं आधी फोन करून ठेवलेला असणार. पण तो म्हणाला, नाही.

दोन तास बसले मी तिच्याजवळ. त्या दोन तासांत तिचे हात चालूच होते आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं, बिडी कशी होते ते. इतकी वर्षं त्या गावात वाढले, पूर्व भागातून रोज शाळेला गेले, प्रत्येक दारात हे चालायचं, आणि मी कधी थांबून बघितलं नव्हतं. पानं रात्रीच भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली. पत्र्याचा छोटा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं त्याच्या कडेनं कापायचं. पानाची जाड शीर मधे येऊ द्यायची नाही. कापलेलं पान डाव्या हातात, उजव्या हाताच्या चिमटीनं तंबाखू, मग दोन्ही अंगठ्यांखाली एक वळण, दोऱ्याचे दोन फेरे, आणि तोंड नखानं आत दाबायचं. मी मनात पाच आकडे मोजायच्या आत एक बिडी सुपात पडायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालं होतं, एका बाजूला घासून तिरकं. २५ बिड्यांचा एक कट्टा. दिवसाला हजाराच्या आसपास. कारखान्यात माल दिला की आधी छाट काढतात, म्हणजे नापास बिड्या. त्यांचे पैसे नाहीत. दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू घेऊन परत.

ती कट्टे बांधताना पुटपुटत मोजत होती. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. हे आकडे तिनंच मला सहावीत शिकवले होते. सर हजेरी घेत असताना तिचा नंबर यायच्या आधी ती माझ्या कानात म्हणायची, "इरवै एडू", आणि मग मोठ्यानं "हजर सर!" बदल्यात मी तिला शेंगाचटणी द्यायची. तिच्या डब्यात भात आणि चिंचेचा पुलुसू असायचा, तो मला माझ्या डब्यापेक्षा आवडायचा.

"पुलुसू करतेस का अजून?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "अम्मा गेली, पण तोंडाला चव तिचीच लागती."

मग आपणहूनच सांगायला लागली. वडील गिरणीत होते. गिरणी थांबली तेव्हा आधी सगळे म्हणत होते की चालू होणार, महिन्याभरात, दोन महिन्यांत. वडील रोज फाटकापर्यंत जाऊन यायचे. मग एका यंत्रमाग कारखान्यात लागले, टॉवेलच्या. पगार निम्मा, आणि बारा-बारा तास उभं राहणं. अम्माच्या कार्डावर हजार बिड्यांचा माल यायचा. एकटीनं वळून संपायचा नाही. म्हणून हिला आधी शाळा सुटल्यावर बसवलं, मग शाळेआधी, मग शाळेऐवजी. बिडी कार्ड आईचं, हात हिचे. धाकटे दोघं शिकले. एक आता बँकेत आहे.

"लग्न ठरवताना पण हेच बगितलं ना सगळ्यांनी," ती म्हणाली. "किती वळती, छाट किती निघती. मी म्हटलं, हजार वळते आन् वर्गमूळ पण काढते."

ती हसली. मला हसता आलं नाही.

मी तिला म्हणाले की मी तेव्हा यायला हवं होतं. हे वाक्य मी पुण्याहून मनात घेऊनच निघाले होते, रिक्षात घोळवत होते. तोंडातून बाहेर आलं तेव्हा फार छोटं वाटलं. तिचे हात एकदाच थांबले, दोरा तोडायला.

"मी वाट बगायची," ती म्हणाली. "तू नाही तर सर तरी. आठ-पंधरा दिवस. सूप दाराकडं तोंड करून घ्यायची. मग अम्मा म्हणाली, उन्हात पान वाळतंय, आत बस."

नंतर ती उठून आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आली. शाळा सोडल्याचा दाखला. घराचा फॉर्म भरताना जन्मतारखेचा पुरावा लागला, तेव्हा ती इतक्या वर्षांनी पहिल्यांदा शाळेत गेली होती तो आणायला. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर असल्यामुळे नाव कमी केले.

"गैरहजर म्हणं," ती म्हणाली. "मी तर घरातच होते की. कुठं गैरहजर होते?"

ही एक ओळ मी डोक्यातून काढू शकलेले नाही. कारकुनानं नियमाप्रमाणं लिहिली असेल. त्या रकान्यात गिरणी बंद पडल्याचं लिहायला जागा नसते. पण आमच्या वर्गातली पाच जणं त्या एका वर्षात गळाली, आणि पाचही जणांच्या दाखल्यावर बहुधा हेच असणार. दोघी मुली बिड्यांवर बसल्या. तीन मुलगे यंत्रमागावर, कांड्या भरायला, मग धोटा धरायला. गाव तेव्हा उसवत होतं, आणि शाळेत आम्ही नंबर वर सरकवून घेतले.

परतल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. मोठं काही नाही. एवढंच की यादी दहावीच्या फोटोवरून नको, पाचवीच्या हजेरीवरून करू. आपण एका वर्गात होतो, एका निकालात नव्हतो. मला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. ३३ नंबरनं लगेच तीन नावं टाकली. ज्यानं "बॅचची कशी" असं विचारलं होतं त्यानंच दोन दिवसांत एकाचा पत्ता काढला. तो मुलगा आता भिवंडीत मागावरच आहे, रजा मिळणार नाही म्हणाला, पण व्हिडिओवर येतो म्हणाला. दुसरी मुलगी काही वर्षांपूर्वी वारली, हेही तेव्हाच कळलं. तिच्यासाठी ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. तीस वर्षांत तिचं नाव आमच्यापैकी कुणी घेतलं नव्हतं.

रविवारी २७ नंबर येईल की नाही हे शेवटपर्यंत नक्की नव्हतं. शनिवारचा माल राहिला होता, म्हणाली. तिनं अट घातली होती, एका रंगाची साडी नेसणार नाही, आहे ती नेसेन. त्यावर १९ नंबरनं सगळ्याच मुलींना सांगून टाकलं, ज्यांना जे हवं ते नेसा. मला त्या क्षणी १९ नंबरचा फार अभिमान वाटला.

सकाळचा कार्यक्रम जसा असतो तसा झाला. सर आले होते, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही बाजूंनी धरून आणले. भाषण केलं नाही, फक्त ती चार हुतात्म्यांची नावं म्हणाले आणि आमच्याकडं बघत राहिले. आम्ही सगळ्यांनी एकदम "हजर" म्हटलं. जेवणात हुग्गी होती. शाळेतल्या शिपाईकाकांच्या मुलानं, तो आता तिथंच शिपाई आहे, जुन्या कपाटातला रद्दीत जायचा राहिलेला एक कॅटलॉग काढून आणला होता. आमचा नववीचा, १९९४-९५ चा. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, पण आतली पानं शाबूत. सगळे त्यावर तुटून पडले, आपापल्या नावांचे फोटो काढले.

ती तीनच्या सुमारास आली, ४४ नंबरच्या रिक्षानं. हिरवी सुती साडी, केसांत अबोली. पहिली दहा मिनिटं तिला कुणी ओळखलं नाही, आणि तिनंही ओळख दिली नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. मग सरांनी तिकडं बघितलं. "गणिताची का गं तू?" एवढंच म्हणाले. तिनं जाऊन पायाला हात लावला. सरांनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्याचं नख बघितलं आणि बराच वेळ हात सोडला नाही.

पाळणे बघायला म्हणून बाकीचे होम मैदानाकडं निघाले, तेव्हा ती कॅटलॉगपाशी थांबली. मीही थांबले. तिनं पानं उलटली, जून, जुलै, ऑगस्ट, आणि सप्टेंबरच्या पानावर आली. सरांचं अक्षर. तिच्या नावापुढं निळ्या शाईच्या तिरक्या रेघा, एकीला लागून एक, आणि मग तिथून महिनाअखेरपर्यंत लाल शाईनं ओढलेली एक आडवी ओळ. तिनं त्या घासलेल्या नखानं एकेका निळ्या रेघेवर टेकवत मोजायला सुरुवात केली. ओकटी, रेंडू, मूडू.

"पदकोंडू," ती म्हणाली. "अकरा दिवस आले होते मी त्या महिन्यात."

मग तिनं बोट एक ओळ खाली आणलं. माझी ओळ. तीही मोजली, शेवटपर्यंत, न घाई करता. एका चौकोनाशी थांबली.

"ह्या दिवशी तू पण नव्हतीस बग," ती म्हणाली. "कुठं होतीस गं?"